एकस्थ स्वामींचा सिद्ध पत्ता

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल लग्नाला लहान पडायचा आणि वाढदिवसाला मोठा, म्हणून वर्षभर धूळ खात पडलेला असायचा. एकस्थ स्वामी आले आणि हॉलचं नशीब उघडलं. त्या रविवारी तर मुंगी शिरायलाही जागा नव्हती. जिन्यावर माणसं, खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं, खालच्या दुकानातले नमुन्याचे सोफेसुद्धा वर आणून भक्तांनी बळकावलेले. दुकानदाराची काही हरकत नव्हती, कारण त्याच्याही गळ्यात स्वामींच्या भक्तांची निळी थैली लटकत होती.

स्टेजच्या मागे निळा मखमली पडदा होता आणि एका बाजूला भिंतभर स्क्रीन. स्क्रीनवर अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक रांग झळकत होती, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही अशी. या रांगेला पत्ता म्हणतात आणि अशा पत्त्यावर क्रिप्टोची नाणी राहतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. पत्त्याखाली शिल्लक दिसत होती. ती इतकी मोठी होती की लोक ती वाचत नसत, नुसती बघत.

"हा माझा पत्ता," स्वामी म्हणाले. "माझं सगळं या एका पत्त्यावर आहे. ना तिजोरी, ना पहारेकरी. उघड्यावर ठेवलंय. आणि तरी दर रविवारी आपोआप वाढतंय. आहे कोणी माईचा लाल? यावं आणि चोरून दाखवावं."

स्वामी दिसायला साधे. दाढी बेताची, अंगात पांढरा टी-शर्ट, पायात त्या टी-शर्टच्या वीसपट किमतीचे बूट आणि गालाला चिकटलेला माइक. काही वर्षांपूर्वी हेच गृहस्थ बस स्टँडजवळ मोबाइलची कव्हरं विकायचे, असं एखादा हळूच म्हणायचा. तेव्हा ते अज्ञातवासात होते, असं सांगून बाकीचे त्याला गप्प करायचे.

कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना लोकांनी ढकलत स्टेजवर नेलं. बिचारे लॅपटॉपपुढे बसले, थोडा वेळ खुडबुड केली आणि घाम पुसून उभे राहिले.

"नाही जमत," ते माइकमध्ये म्हणाले. "आणि जमणारही नाही. नुसत्या पत्त्यावरून कोणालाच पैसे काढता येत नाहीत. त्याला लागतात ते..."

कानाला हेडफोन लावलेल्या सेवकाने त्यांच्या हातातून माइक अलगद काढून घेतला.

"ऐकलंत?" स्वामींनी दोन्ही हात पसरले. "विज्ञानाने हात टेकले."

टाळ्यांनी हॉल दणाणून गेला. प्राध्यापकांचे ओठ अजून हलत होते, पण त्यांना एक पेन भेट देऊन खाली उतरवण्यात आलं.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या धाकटीने हे सगळं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. धाकटी म्हणजे दातांची डॉक्टर. स्वतःचा दवाखाना, हाताखाली माणसं, समोर आलेला भलाभला माणूस तोंडाचा आ वासून बसतो. पण ताईच्या लेखी ती धाकटीच. ताई तिच्या शेजारी हात जोडून बसली होती. ताईचं पडद्यांचं दुकान होतं. स्टेजमागचा निळा पडदा तिनेच शिवला होता, आणि उरलेल्या कापडाच्या थैल्याही. त्या शिवायची सेवा मिळाली म्हणून ती महिनाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

पुढचा चमत्कार अंतर्ज्ञानाचा होता. स्वामींनी डोळे मिटले, बोट हवेत फिरवलं आणि एका निवृत्त पोस्टमनवर थांबवलं.

"काका, काल संध्याकाळी तुमच्या पत्त्यावर काहीतरी आलं. थोडंच आलं. पण प्रेमाने आलं."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "मुलाने पाठवले," ते म्हणाले. "कोणाला बोललो नव्हतो. बायकोलासुद्धा नाही."

बायको शेजारीच बसली होती. तिने काकांकडे असं पाहिलं की त्यांचं पुढचं अंतर्ज्ञान घरी गेल्यावर होणार हे उघड होतं. धाकटीला हसू आवरेना. काकांचा पत्ता सेवकांनीच बनवून दिलेला. पत्ता ज्याला माहीत, त्याला त्यावर काय आलं आणि काय गेलं हे घरबसल्या फुकटात दिसतं. त्याला डोळे मिटावे लागत नाहीत, उलट उघडे ठेवावे लागतात.

मग आला औषधवाला. बाजारपेठेत त्याचं औषधांचं दुकान होतं आणि सेवकांनी बनवून दिलेला सिद्ध पत्ता घेऊनही पूर्वी तो स्वामींची यथेच्छ टिंगल करायचा. एके रात्री त्याचा तो पत्ता रिकामा झाला. सगळी नाणी गायब. तो धावत आला, स्वामींच्या पायांवर पडला, चुकलो म्हणाला. सकाळी नाणी परत पत्त्यावर. ही हकिगत तो आता दर रविवारी सांगायचा, आणि दर रविवारी त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी यायचं.

"संशयाने गेलं, श्रद्धेने आलं," स्वामी म्हणाले, आणि मग त्यांचं बोट ताईकडे वळलं. "या माउलीकडे पाच पत्ते आहेत. यजमानांनी पाच ठिकाणी विखरून ठेवलं होतं. जीव पाच ठिकाणी विखुरला की शरीर किती दिवस तग धरणार? बेटी, पुढच्या रविवारी सगळं एका पत्त्यावर आण. त्यांनाही शांती मिळेल."

ताईने मान डोलावली आणि पदर डोळ्यांना लावला. धाकटीचं हसू जागच्या जागी विरलं. आतापर्यंत तिला या माणसाची मौज वाटत होती. आता तिला त्याचा राग आला, आणि तो पुढे आठवडाभर उतरला नाही.

भाऊजी गेले त्याला वर्ष होत आलं होतं. सगळे क्रिप्टोला हसत होते त्या काळात त्यांनी थोडीथोडी करत ही नाणी घेतली, वेगवेगळ्या पत्त्यांवर ठेवली आणि प्रत्येकाची चावी ताईला नीट समजावून दिली. ताईचं दुकान भाड्याचं. मालकाने नुकतंच सांगितलं होतं, घेणार असाल तर आत्ताच घ्या, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे. भाऊजींची नाणी विकली की दुकान ताईचं होणार होतं. नाणी गेली तर ताई शिवणयंत्रासकट रस्त्यावर, इतका सरळ मामला.

संध्याकाळी दुकानात लटकत्या पडद्यांच्या मधे उभं राहून धाकटी म्हणाली, "ताई, भाऊजींचं हृदय बंद पडलं. त्याचा पत्त्यांशी काय संबंध?"

"तू दातांची डॉक्टर. हृदयाचं तुला काय कळतं?"

"स्वामी तर कव्हरांचे डॉक्टर."

"हे बघ, त्यांच्याबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही माझ्या दुकानात." ताईने कात्री टेबलावर आपटली. मग तिचा आवाज खाली आला. "मीच ह्यांना म्हणायचे गं, एवढा पसारा कशाला, एका जागी ठेवा. ऐकलं असतं माझं तर..."

धाकटीने तिचा हात धरला. आपल्या माणसाच्या मरणाचं कारण शोधत बसलेल्या बाईला स्वामींनी कारण विकलं होतं, तेही आयतं. त्यापुढे धाकटीचे मुद्दे म्हणजे हवेतल्या गोष्टी.

तरी तिने एकदा सांगून पाहिलं. भाऊजींनीच तिला हे समजावलं होतं, एकदा दाढ भरून घेताना. अर्धं बोलणं कापसाच्या बोळ्यांतून आलं होतं, तरी कळलं होतं.

"पत्ता म्हणजे आपल्या दारावरची टपालपेटी. फटीतून कोणीही आत टाकू शकतो. ही पेटी तर काचेची, म्हणजे आत काय आहे ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं. पण काढायचं तर चावी पाहिजे. चावी म्हणजे ते बारा शब्द. शब्द ज्याच्याकडे, नाणी त्याची. मग पेट्या एक असोत की पाच."

"शब्द थैलीत असतात," ताई म्हणाली. "आणि थैली माझ्या गळ्यात राहणार. मग चावी माझ्याकडेच ना?"

धाकटी म्हणाली, "बरं. मीच दीक्षा घेते. आठवडाभर माझी नाणी त्यांच्या सिद्ध पत्त्यावर ठेवते. रविवारी ती जागेवर असली तर मी तोंडाला कुलूप लावीन, तू हवं ते कर. पण तोपर्यंत तू काही हलवायचं नाही."

"तू दीक्षा घेणार?" ताईला एवढा आनंद झाला की तिने लगेच दोघींसाठी चहा टाकला.

सोमवारी धाकटी हॉलमागच्या खोलीत गेली. हेडफोनवाला सेवक तिथे पत्त्यांचा कारभार बघत होता. त्याने ट्रेमधून एक निळी थैली उचलली. चारी बाजूंनी शिवलेली, आत काहीतरी पातळ, कडक.

"यात धातूची पट्टी आहे. पट्टीवर बीजशब्द कोरलेत," तो पाठ केल्यासारखं म्हणाला. "थैली उघडायची नाही. उघडली की सिद्धी उडाली. पत्त्यावरून उचल करायची नाही. उचल म्हणजे अविश्वास."

"मग पैसे वापरायचे कधी?"

"वापरायचे कशाला? दर्शन घ्यायचं."

त्याने तिच्या मोबाइलवर दर्शनाचं अ‍ॅप टाकून दिलं. उघडलं की एक निळी ज्योत नाचायची आणि खाली शिल्लक दिसायची. धाकटीने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"पैसे पाठवायचं बटण कुठेय?"

सेवकाने तिच्याकडे दयेने पाहिलं. "आजवर कोणाला गरज पडली नाही."

ते मात्र खरं होतं. एवढे भक्त रोज सकाळी मोबाइल कपाळाला लावत होते, पण आपली नाणी आपल्याला काढता येतात का, हे एकानेही करून पाहिलं नव्हतं. काढणं हेच पाप ठरवून टाकलं की असली पंचाईत येतच नाही. स्वामींच्या कल्पकतेला दाद द्यायला हवी होती.

संध्याकाळी तिने ताईला दवाखान्यात बोलावलं. दातांचे साचे ओतायचं प्लास्टर तिने रबरी वाटीत कालवलं आणि निळी थैली ट्रेमध्ये ठेवून तिच्यावर ओतलं.

"अगं, हे काय करतेस?"

"थैली उघडायची नाही म्हणाले ना? आता मला वाटलं तरी उघडता येणार नाही. ओलं आहे तोवर तुझी खूण कर."

ताईने शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान पर्समधून काढलं आणि प्लास्टरवर दाबलं. बारीक खळग्यांचा गोल ठसा उमटला. ताई बारकाईने बघत राहिली. कसबाचं काम तिला नेहमीच आवडायचं.

मग धाकटीने दुसरा पत्ता बनवला, भाऊजींनी शिकवला तसा, स्वतःच्या हाताने. बारा शब्द उमटले ते कागदावर उतरवताना ती ताईला म्हणाली, "तिकडे तोंड कर."

"सख्ख्या बहिणीवर अविश्वास?"

"अविश्वास नाही, सवय. तुझ्या तोंडात हात घालतानाही मी हातमोजे घालतेच की."

कागद निळ्या चिंधीत गुंडाळून त्याचाही तिने तसाच ठोकळा केला. त्यावरही ठसा. दोन्ही पत्त्यांवर तिने सारखीच नाणी टाकली. दोन्ही ठोकळे ताईच्या दुकानातल्या कपाटात गेले आणि कपाटाची किल्ली ताईच्या कमरेला.

रविवारी सोहळा होता. ताई नवी साडी नेसून स्टेजजवळ बसली होती. भाऊजींच्या पाच पत्त्यांवरची नाणी ती सर्वांसमोर तिच्या सिद्ध पत्त्यावर पाठवणार होती. स्वामींनी तिचं नाव पुकारायच्या आधीच धाकटी उठून उभी राहिली. तिच्या हातात कापडी पिशवी होती, आणि पिशवीत सकाळी ताईने कपाटातून काढून दिलेले ठोकळे.

"स्वामी, मला संशय आहे."

सगळ्या माना वळल्या. स्वामींचा चेहरा मात्र उजळला. संशयी माणूस ही त्यांच्या धंद्यातली मोठी गरज होती.

"कसला संशय, बेटी?"

"तुमच्यावर. पहिल्या दिवसापासून. औषधवाल्यांनी टिंगल केली तर त्यांची नाणी रात्रीत गेली. मी इथे, तुमच्या तोंडावर म्हणतेय की हे सगळं थोतांड आहे. तरी माझी जागेवर आहेत. सिद्धी फक्त रात्रीचीच चालते का?"

मागून कोणीतरी ओरडलं, "दाखवा हिला." मग सगळेच ओरडू लागले. स्वामींनी एकवार निळ्या पडद्याकडे पाहिलं. मग हात उंचावले.

"माझी इच्छा नव्हती. पण पत्ताच रागावला तर मी काय करणार? हिचा पत्ता लावा स्क्रीनवर."

स्वामींच्या पत्त्याशेजारी धाकटीचा सिद्ध पत्ता आला. स्वामींनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि गालाच्या माइकमधून क्रिप्टोचे चार शब्द संस्कृतात कोंबलेला मंत्र घुमवायला सुरुवात केली. "ब्लॉक ब्लॉक स्थिर भव. नोड नोड साक्षी भव. संशयात्म्याचं संशयात जावो." हे पुन्हा पुन्हा. मधे एकदा त्यांना खोकला आला, तोही लोकांनी मंत्रात धरला.

थोडा वेळ गेला आणि धाकटीच्या पत्त्याखाली शून्य आलं.

हॉलमधून असा आवाज निघाला की जणू सगळ्यांच्या दाढा एकदम उपटल्या. एक बाई नमुन्याच्या सोफ्यावर आडवी झाली. ताईने धाकटीचा हात घट्ट पकडला. "माफी माग," ती कुजबुजली. "अजून माग, परत देतील ते."

"थांब," धाकटी म्हणाली आणि स्वामींकडे वळली. "झकास. आता हा दुसरा पत्ता लावा. हाही माझाच. नाणी तेवढीच आणि संशयही तेवढाच. हा रिकामा करा."

दुसरा पत्ता लागला. मंत्र सुरू झाला. नोड साक्षी झाले, ब्लॉक स्थिर झाले, आणि नाणीही चांगलीच स्थिर राहिली. पडद्यामागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. स्वामींच्या कपाळावर घाम दिसू लागला. शेवटी त्यांनी डोळे उघडले.

"हा पत्ता सिद्ध नाही," ते म्हणाले. "तो माझ्या कक्षेत येत नाही."

"म्हणजे तुमच्या सिद्ध पत्त्यावरची नाणी तुम्ही काढू शकता आणि माझ्या साध्या पत्त्यावरची नाही. मग सुरक्षित कुठला?"

पहिलं हसू पोस्टमनकाकांच्या बायकोला फुटलं. सेवक माइक काढून घ्यायला पुढे आला, पण धाकटीकडे माइक नव्हताच. रोज बधिर झालेल्या माणसांना सूचना देऊन देऊन तिचा आवाज तसाही खणखणीत होता.

तिने पिशवीतून पहिला ठोकळा काढला, ताईपुढे धरला. "ठसा तुझाच?"

ताईने बोट फिरवून पाहिलं. "माझाच."

"कुठे फुटलाय? तडा?"

"नाही."

धाकटीने छोट्या हातोडीने ठोकळा फोडला आणि थैली बाहेर काढली. "टाके बघ."

"माझेच. शेवटी दुहेरी गाठ मारते मी."

"कधी शिवलीस ही?"

"गेल्या महिन्यात. सगळ्या एकदमच. सेवकांनी आत पट्ट्या घालून..." ताई थांबली. तिने हातातल्या थैलीकडे पाहिलं. "पट्ट्या घालूनच दिल्या होत्या मला. नुसतं तोंड शिवायचं होतं."

"आणि मी दीक्षा कधी घेतली?"

याचं उत्तर सगळ्या हॉलला माहीत होतं. धाकटी सोमवारी दीक्षेला आली त्याच्या कितीतरी आधी तिची चावी कोरून, शिवून तयार होती. ज्याने कोरली त्याला ती पाठ असणार, किंवा उतरवून घेतलेली असणार. त्याला थैली उघडायची गरजच काय? प्रत्येकाने आपल्या गळ्यातल्या थैलीला हात लावला.

"मी बोलू का?" मागून कॉलेजचे प्राध्यापक उठले. "मागच्या वेळी माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. नुसत्या पत्त्यावरून पैसे काढता येत नाहीत. त्याला लागतात ते बारा शब्द. झालं. एवढंच सांगायचं होतं." आठवडाभर अडकलेला घास खाली गेल्यासारखा त्यांचा चेहरा मोकळा झाला. हातातल्या मोबाइलकडे बघत ते पुढे म्हणाले, "अजून एक. कुठल्या पत्त्यावरून काय कुठे गेलं, याची नोंद सगळ्या जगाला दिसते. डॉक्टरांची नाणी गायब नाही झालेली. ती या पत्त्यावर गेलीत."

त्यांनी बोट दाखवलं ते स्क्रीनकडे. स्वामींच्या पत्त्याकडे.

लोकांनी पहिल्यांदाच तो भलामोठा आकडा बघण्याऐवजी वाचला. धाकटीने तो सकाळी आल्याबरोबर वाचून ठेवला होता. आता तो बरोबर तिच्या नाण्यांएवढा वाढला होता. दर रविवारी आपोआप वाढणारी शिल्लक कशी वाढत होती, ते तेव्हा कळलं. एकस्थ स्वामींनी चोरीचा मालही एकाच पत्त्यावर ठेवला होता, आणि तो पत्ता स्वतःच भिंतीवर लावला होता. स्वतःच्या उपदेशाप्रमाणे इतकं तंतोतंत वागणारा बुवा मिळणं दुर्मिळच.

"माझी बघा," औषधवाला पुढे येत म्हणाला. प्राध्यापकांनी त्याचा पत्ता पाहिला. त्याची नाणी त्या रात्री इथेच आली होती आणि सकाळी इथूनच परत गेली होती, फक्त थोडी कमी होऊन. ती कमी झाली होती हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. परत आली या आनंदात मोजायचं कोणाला सुचतं?

"मी याच्या पाया पडलो," औषधवाला म्हणाला. "चोराने चोरी परत केली म्हणून मी त्याच्या पाया पडलो." एवढं बोलून तो जमिनीवर बसला. त्याची कीव यावी असंच ते होतं, आणि धाकटीला ती आली.

ताई मात्र उठली होती. ती ताडताड स्टेजवर चढली आणि पडद्याच्या कडेची दोरी ओढली; दोरी कुठे आहे हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? पडदा सरकला. मागे दुसरा सेवक लॅपटॉपपुढे बसला होता. तोंडात बिस्किट, बोटं बटणांवर. लॅपटॉपवर पोस्टमनकाकांचा पत्ता उघडा होता, कारण जाता जाता हाताला लागेल ते घ्यावं असा त्याचा विचार दिसत होता. धाकटीने धावत जाऊन त्याची बोटं बाजूला केली आणि लॅपटॉप ओढून घेतला.

"या पडद्याला मधे चीर ठेवायला सांगितली होतीत," ताई स्वामींना म्हणाली. "हवा खेळती राहावी म्हणून. मी बावळट, किनार लावून दिली तिला." ती एक पाऊल पुढे सरकली. "बाकी सगळं राहू द्या. पण माझा नवरा कशाने गेला हे तुम्ही मला सांगितलंत. तेव्हापासून मी झोपले नाही नीट. तुमच्या बोलण्याने मला वाटलं, मी हट्ट धरला असता तर हे वाचले असते. ते कुठल्या पत्त्यावरून परत देणार?"

स्वामी मागच्या दाराकडे सरकले, पण जिन्यावर माणसं दाटलेली. ही गर्दी त्यांनीच जमवली होती. पोलीस येईपर्यंत त्यांना एका नमुन्याच्या सोफ्यावर बसवून ठेवलं. सोफ्याला किमतीची चिठ्ठी लटकत होती आणि ती नेमकी त्यांच्या कानाशी येत होती.

मग खरं काम सुरू झालं. नुसत्या थैल्या फाडून चालणार नव्हतं; शब्द आधीच परक्याच्या हाती होते. धाकटी आणि प्राध्यापक संध्याकाळपर्यंत बसले आणि एकेकाला स्वतःचा पत्ता स्वतः बनवायला लावला, शब्द लिहिताना बाकीच्यांना तोंड फिरवायला लावलं, आणि थैलीतल्या शब्दांनी जुन्या पत्त्यावरची नाणी तिकडे हलवून दिली. बहुतेकांची वाचली. जे त्या दिवशी आले नव्हते त्यांच्यातल्या काहींची नाही वाचली. कुठला तरी तिसरा सेवक कुठेतरी बसलेला होताच. भिंतीवरच्या पत्त्यावरचं कधी परत मिळेल हे कोणी सांगू शकत नव्हतं, कारण त्याचे शब्द स्वामींच्या डोक्यात होते आणि स्वामींनी मौन धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

परत जाताना ताई म्हणाली, "मग मी आता किती पत्ते ठेवू?"

"एक ठेव नाहीतर पन्नास," धाकटी म्हणाली. "एकच ठेवलास तर एक चावी गेली की सगळं गेलं, आणि पत्ता ज्याच्या हाती पडला त्याला तुझी सगळी शिल्लक दिसली. जास्त ठेवलेस तर जास्त चाव्या सांभाळ. व्यवहाराचा प्रश्न आहे हा, पुण्याचा नाही. आधी थोडं टाकून बघायचं, काढून बघायचं, मग विश्वास ठेवायचा. आणि काढून बघू नका असं जो सांगेल, त्याच्याकडे ठेवायचंच नाही. एवढं करायला दीक्षा लागत नाही, डोकं लागतं. ते सगळ्यांकडे असतं, फक्त रविवारी लोक घरी ठेवून येतात."

"ह्यांनी बरोबरच ठेवलं होतं तर," ताई म्हणाली.

"अगदी बरोबर."

ताई त्यावर रस्त्यातच रडली, आणि धाकटीने तिला रडू दिलं.

दुकान ताईचं झालं. मधे काही महिने हॉल पुन्हा धूळ खात पडला, पण एवढा चांगला हॉल किती दिवस रिकामा राहणार? बहुस्थ माता आल्या. त्यांचं म्हणणं अगदी उलटं: एका पत्त्यावर ठेवणं हेच पाप, सातांवर विखरा, सातही पत्ते आम्ही सिद्ध करून देऊ. पहिल्याच रविवारी हॉल भरला. पूर्वीचे भक्त पुढच्या रांगेत होते, कारण एकदा फसलेला माणूस अनुभवी असतो असा त्यांचा समज होता. मातांना पडदा हिरवा हवा होता, म्हणून माप घ्यायला ताईला बोलावलं. ताई टेप घेऊन स्टेजवर गेली, लांबी मोजली, रुंदी मोजली. पुढे प्रवचन रंगात आलं होतं.

तिने टेप गुंडाळली आणि भर सभेत विचारलं, "माताजी, शब्द कोण लिहिणार? तुम्ही की आम्ही?"

माता हसल्या. म्हणाल्या, "बेटी, ते आमच्यावर सोड."

औषधवाला उठला आणि दाराकडे चालू लागला. मग पोस्टमनकाका उठले, त्यांच्या मागे बायको. खुर्च्या सरकल्याचे आवाज येत राहिले. ताईने टेप पर्समध्ये टाकली आणि पडद्याला चीर ठेवणार नाही असं सांगून ती खाली उतरली.